जुनेराचा कैवार

ज्या कोटामुळे हा लेख लिहिण्याचा प्रसंग आला तो कोट मी पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी, बरीच घासाघीस करून, साडेचारशे रुपयांस घेतला. तो अंगात घालून एका स्नेह्याच्या घरच्या लग्नास गेलो असता तेथे भेटलेल्या एका विद्वान गृहस्थांनी त्याची बाही दोन बोटांत धरली, पोत चाचपला आणि ‘हल्ली असा लोकरी माल बघायला मिळत नाही हो, शिंपी कोण तुमचा?’ असे मोठ्या कौतुकाने विचारले. मी खरे ते सांगितले. त्यासरशी ती दोन बोटे निखाऱ्याला लागल्यासारखी मागे गेली, खिशातला रुमाल बाहेर आला, आणि बोटे पुसता पुसता त्यांनी संभाषण जेवणाच्या पंक्तीकडे वळविले. एवढ्यावर भागते तर मी ते हसण्यावारी नेले असते. परंतु पुढे तीन आठवड्यांनी याच गृहस्थांनी ‘जुन्या कपड्यांचे नवे खूळ’ या विषयावर तासभर जाहीर व्याख्यान दिले, आणि त्यात ‘परवा एका सुशिक्षित माणसाच्या अंगावर मी काय पाहिले’ अशा प्रस्तावनेने माझा कोट पुराव्यादाखल हजर केला. माझे नाव त्यांनी घेतले नाही. मीही त्यांचे घेत नाही. तेवढ्यापुरती फिटंफाट झाली असे समजावे.

त्यांच्या व्याख्यानाचा गोषवारा असा. वापरलेले कपडे विकत घेऊन घालणे ही परदेशातून आलेली चूष असून आपल्याकडे ती सुखवस्तू घरांतील रिकामटेकड्या मुलामुलींनी उचलली आहे. ‘झटपट फॅशन’, म्हणजे आज शिवावे, उद्या विकावे आणि परवा टाकावे अशा स्वस्त कपड्यांचा जो व्यापार आहे, त्याच्यावर हा उपाय म्हणून सांगितला जातो, परंतु उपाय रोगाहून ओंगळ आहे. दुसऱ्याचे अंगावरचे वस्त्र धारण करणे आपल्या संस्कृतीत निषिद्ध, मनूने ते वर्ज्य सांगितले आहे, आणि जीर्ण वस्त्र टाकून नवे घ्यावे हे तर साक्षात गीतेचे वचन. अशा कपड्यांतून खरूज-गजकर्ण पसरते, शिवाय पूर्वीच्या मालकाचे बरेवाईट संस्कार चिकटतात. सर्वांनी जुनेच घ्यावयाचे ठरविले तर कापूस पिकविणाऱ्याने आणि कापड विणणाऱ्याने काय करावे. जुने कपडे हा गरिबांचा वाटा, तो सुस्थितांनी पळवू नये. हा सगळा पाश्चात्त्यांचा केरकचरा आहे. आणि शेवटी, एका कोटाने असा काय फरक पडणार आहे! तासाभराचे वक्तृत्व एका परिच्छेदात कोंबल्याने त्याच्यावर थोडा अन्याय होतो हे मला कबूल आहे. मात्र त्या वक्तृत्वाने श्रोत्यांवर जो केला त्या मानाने तो किरकोळ आहे.

रोगराईची फिर्याद प्रथमदर्शनीच काढून टाकण्याजोगी आहे. गरम पाणी, साबण, ऊन आणि इस्त्री यांना न जुमानणारा असा कोणता जंतू लोकरी कोटात दबा धरून बसतो हे त्यांनी सांगितले नाही. उलट ज्या नवरदेवाच्या डोक्यावर त्यांनी त्या दिवशी अक्षता टाकल्या त्याच्या अंगावरची जरतारी शेरवानी भाड्याची होती, आणि त्याच्यापूर्वी किती नवरदेव तिच्यात घामाघूम झाले असतील याचा हिशेब दुकानदारालाही देता आला नसता. स्वतः व्याख्याते रेल्वेच्या वातानुकूलित डब्याने आले होते. त्या डब्यातील कांबळी महिन्यातून किमान एकदा धुतली जातात असे रेल्वेमंत्र्यांनी २०२४ साली संसदेत आश्वासनपूर्वक सांगितले आहे. तेव्हा महिन्याच्या एकोणतिसाव्या दिवशी ते कांबळे हनुवटीपर्यंत ओढून घेणाऱ्याने धुतलेल्या कोटाला स्पर्श होताच रुमाल काढावा, यात आरोग्यशास्त्र कितपत आणि अभिरुचीचा दिमाख कितपत, हे ज्याचे त्याने ठरवावे. संस्कार चिकटण्याविषयी म्हणाल तर माझ्या कोटाच्या पूर्वीच्या मालकाने शिंपी पारखून निवडला होता. तेवढा संस्कार मला चिकटला तर हवाच आहे.

आता संस्कृतीचा मुद्दा. याच मुद्द्याने मला खरी चीड आणली, म्हणून त्याचा समाचार जरा ऐसपैस घेतला तर वाचकांनी क्षमा करावी. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील जीर्ण वस्त्रांचा तो दृष्टान्त आत्म्याविषयी आहे, खरेदीविषयी नव्हे, हे तर शाळेतला मुलगाही सांगेल. परंतु वादाकरिता तो खरेदीविषयी आहे असे धरून चालू. दृष्टान्त देणाराने वस्त्राची उपमा निवडली ती त्या काळी विरून, झिरझिरीत होऊन, धाग्याला धागा धरीनासा झाल्यावाचून वस्त्र कोणी टाकीत नसे म्हणूनच. तसे नसते तर उपमाच लंगडी पडली असती. वस्त्राला लावलेले ‘जीर्ण’ हे विशेषण तेथे शोभेसाठी बसविलेले नाही, सगळा भार त्याच्यावर आहे. आत्मा देह टाकतो तो साठसत्तर वर्षे पुरेपूर वापरून. तोच जर तीन धुण्यांनंतर ‘रंग मागल्या मोसमाचा वाटतो’ म्हणून देह बदलू लागला, दिवाळीस एक आणि वाढदिवसास दुसरा घेऊ लागला, आणि ‘दोनांवर एक फुकट’ अशी पाटी पाहून गरज नसता तिसराही घरी आणू लागला, तर चित्रगुप्ताच्या दफ्तरातील कारकुनांना जादा भत्ता देऊनही खतावणी पुरी झाली नसती. ज्या वस्त्रांची तरफदारी आमचे व्याख्याते गीतेच्या आधारे करू पाहतात ती जीर्ण होतच नाहीत, कारण जीर्ण होण्याइतके आयुष्यच त्यांना मिळत नाही. ती केवळ टाकली जातात. टाकणे आणि जीर्ण होणे यांत जो फरक आहे तोच या सगळ्या वादाचा फरक आहे.

आणि निषिद्ध, निषिद्ध म्हणून जे सांगितले जाते ते नेमके कोणत्या महाराष्ट्रात निषिद्ध होते? ज्या घरात मी वाढलो तेथे नव्या लुगड्याला एकच जन्म असतो ही कल्पनाच कोणाच्या डोक्यात नव्हती. लुगडे मधोमध विरले की ते आडवे फाडून, विरलेला पट्टा काढून, दोन्ही धड टोके एकमेकांस जोडीत. त्या जोडाला दंड म्हणत, आणि दंड घातलेले लुगडे नेसून माझी आजी देवळात, हळदीकुंकवाला, सगळीकडे ताठ मानेने जात असे. दंडाचेही आयुष्य संपले की त्याच लुगड्याची झबली आणि दुपटी होत. त्याखालचा माल गोधडीच्या पोटात जाई. गोधडी फाटली की तिच्यातून कंदिलाची काच पुसण्याच्या चिंध्या निघत, आणि सर्वांत शेवटी राही ते चुलीपुढचे पोतेरे. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला तर आजीच्या मऊ जुनेरातच गुंडाळावयाचे, कित्येक घरांत बारशापर्यंत नवे कापड अंगाला लावावयाचेच नाही, अशी रीत होती. म्हणजे आमच्या व्याख्यात्यांनी या जगात जे पहिले वस्त्र परिधान केले ते बहुधा दुसऱ्याचे वापरलेले होते, आणि त्या वेळी त्यांनी रुमाल काढल्याचे ऐकिवात नाही. थोरल्याचा सदरा धाकट्याला, धाकट्याचा मावसभावाला, ही तर अजून कालपरवाची गोष्ट. आजीची पैठणी नात लग्नात नेसते तेव्हा ती ‘सेकंड हॅन्ड’ असते असे कोणी म्हणत नाही; तिला वारसा म्हणतात. एकच कृत्य आपल्या कपाटातून झाले म्हणजे वारसा आणि बाजारातून झाले म्हणजे विटाळ, असा हा न्याय आहे.

या न्यायात ज्या एका व्यक्तीला जागाच नाही ती म्हणजे बोहारीण. जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या या बायका, ज्यांत गुजरातेतून आलेल्या आणि आज स्वतःला देवीपूजक म्हणविणाऱ्या समाजाच्या बायका पुष्कळ आहेत, आमच्या वाड्यात दर दोनेक महिन्यांनी येत. डोक्यावरची पाटी उतरवून ओट्यावर टेकली की पुढचा तास इतर सर्व कामे तहकूब. माझी आई एकेक कपडा पुढे टाकी आणि बोहारीण तो उजेडाकडे धरी, कॉलरीची घडी उलटून पाही, काखेतली शिवण दोन्ही हातांनी ताणी, गुंड्या मोजी, आणि कोणत्याही न्यायाधीशाला न साधेल अशा निर्विकार चेहऱ्याने निकाल देई.

‘कॉलर गेली वहिनी. याच्यावर डबा नाही बसायचा. अजून एक पँट काढा.’

‘अगं, दोनदाच घातलाय तो! आणि डब्याचं झाकण बघ, एका बाजूनं उचलतंय.’

‘झाकण बसतं दाबलं की. जरीचं काही हाय का जुनं?’

जरीच्या प्रश्नावर आई सावध होई, कारण खऱ्या जरीचे जुने लुगडे जाळून त्यातली चांदी काढतात हे तिला ठाऊक होते आणि ते तिला ठाऊक आहे हे बोहारणीलाही ठाऊक होते. शेवटी व्यवहार होई. डबा घरात येई, बोचके पाटीत जाई. पुढे ते कपडे धुऊन, गरजेप्रमाणे रंगवून, ठिगळ लावून, कडक इस्त्री करून पुन्हा बाजारात उभे राहत. दिल्लीत रघुबीर नगरला अशा मालाची मंडीच पहाटे अंधारात भरते. या धंद्यात शरीराचे कष्ट आहेत, उधारी आहे, पोलिसांचा जाच आहे, आणि वस्त्र या विषयाचे असे सूक्ष्म ज्ञान आहे की त्यापुढे माझे आणि व्याख्यात्यांचे ज्ञान एकत्र केले तरी एका पातेल्याच्या किमतीचे भरणार नाही. ज्याला ‘परदेशी खूळ’ म्हणून हिणविले जाते ते आपल्या गल्लीत हाळी देत फिरत होते. आपण भांडे घेतले आणि हाळी विसरलो.

राहिला मनू. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात दुसऱ्याने वापरलेली पादत्राणे, वस्त्रे, अलंकार, माळ वापरू नये असे सांगितले आहे. दाखला खरा आहे, मी रुजवात घालून पाहिला. परंतु ज्याने चौथा अध्याय उघडला त्याने दहावाही उघडावयास हवा होता. तेथे सेवा करणाऱ्या शूद्राला उरलेले अन्न आणि जीर्ण वस्त्रे द्यावीत असे विधान आहे, आणि चांडाळाने प्रेतावरची वस्त्रे ल्यावीत असेही आहे. तेव्हा शास्त्राचा निषेध वापरलेल्या वस्त्राला नाहीच. ते वस्त्र कोणी अंगावर घालावयाचे एवढेच शास्त्राने वाटून दिले आहे. आपल्या गावगाड्यातही मढ्यावरचे कापड हा महारांचा ‘हक्क’ म्हणून नोंदलेला होता. हक्क हा शब्द इतका उलटा टांगलेला अन्यत्र क्वचितच सापडेल. हाच ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या परिषदेत जाळला गेला, आणि त्याच परिषदेच्या वेळी जमलेल्या स्त्रियांना लुगडे नेसण्याची जात दाखविणारी जुनी तऱ्हा सोडून द्या, स्वच्छ आणि नीटनेटके नेसा असे सांगण्यात आले, ते काही योगायोगाने नव्हे. ज्याच्या पणजोबाला दुसऱ्याचे उतरलेले कापड खाली वाकून उचलावे लागले तो जर आज म्हणाला की मी कोरे, घडी न मोडलेले वस्त्रच घालीन, तर त्याला पर्यावरणाची प्रवचने ऐकविण्याचा अधिकार निदान माझ्यासारख्याला नाही. त्याच्यापुढे मी माझी सगळी विधाने विनातक्रार मागे घेतो. पण आमच्या व्याख्यात्यांचा पणजोबा कोठे वाकला होता? त्यांची किळस ही वाकणाऱ्याची किळस नव्हे, टाकणाऱ्याची आहे. आपण टाकलेले ते आपण कसे घालावे, ही ती अडचण.

या वादाची एक जुनी आवृत्ती आहे, आणि विषयांतराचा दोष पत्करून मी तिच्याकडे वळतो, कारण आमच्या घरात ती तीन पिढ्या चघळली गेली. १९२१ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस मुंबईत परळला परदेशी कापडाची प्रचंड होळी झाली. त्या वेळी पुष्कळ सुबुद्ध लोकांनी आक्षेप घेतला की देशात माणसे उघडी हिंडत असताना कापड जाळता कशाला, गरिबांना वाटून टाका. त्यावर होळीच्या बाजूने जे उत्तर देण्यात आले त्याचा आशय असा होता की जे अंगावर घालण्याची मला लाज वाटते ते गरिबाच्या अंगावर टाकणे हा त्याचा अपमान आहे, कारण मान त्यालाही असतो. कापड जाळावे की नाही या प्रश्नावर मी आजही आक्षेपकांच्या बाजूचा आहे. धडधाकट कापड जाळणे मला पाहवत नाही. परंतु ते उत्तर मात्र मला कधी खोडता आले नाही. माझे आजोबा त्या वेळी मुंबईत एका पेढीवर कारकून होते. त्यांनी होळीत टोपी टाकली, आणि अल्पाकाचा कोट ट्रंकेच्या तळाशी डांबराच्या गोळ्यांत ठेवला. तो पुढे माझ्या काकांनी घातला, नंतर वडिलांनी. देशभक्तीच्या आणि काटकसरीच्या दोन्ही खात्यांवर आजोबांचा जमाखर्च असा जुळला.

कापूस पिकविणाऱ्याचा आणि विणकराचा कळवळा हा व्याख्यानाचा सर्वांत टाळ्या घेणारा भाग होता. येथे आमच्या बाजूच्या लोकांचाही एक कान पिळला पाहिजे: एका सुती टी-शर्टाला २७०० लिटर पाणी लागते हा सरासरीचा आकडा ते ऊठसूट फेकतात, आणि यवतमाळच्या कोरडवाहू पऱ्हाटीलाही तोच चिकटवितात, जिला वरच्या पावसाखेरीज पाणी माहीत नाही. पण कळवळ्याचे काय? जगात आज तयार होणाऱ्या तंतूंपैकी निम्म्याहून अधिक पॉलिस्टर असते, ते खनिज तेलापासून होते, आणि झटपट फॅशनचा डोलारा मुख्यतः त्याच्यावर उभा आहे. तो झगा विकला गेला म्हणून यवतमाळच्या जिनिंगमध्ये एक बोंड जास्त जात नाही. हातमागवाल्याशी तर त्या झग्याची तोंडओळखही नाही. गिरणी कामगाराचे नाव घेताना तरी जीभ जरा अडखळावयास हवी होती. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात मुंबईचे सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यांतले बहुसंख्य पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. गिरणगाव उठले ते कोणी जुन्या बाजारातून कोट घेतला म्हणून नव्हे. लोअर परळला फिनिक्स गिरणीच्या जागेवर आज जो मॉल झगमगतो आहे त्यात कोणत्या प्रकारचे कपडे विकले जातात हे पाहून यावे, म्हणजे कामगाराच्या छातीवर कोण बसले आहे त्याचा उलगडा होईल. आणि शिवणाऱ्याची कथा? ढाक्याजवळ सावर येथील राणा प्लाझा या आठ मजली इमारतीस आदल्या दिवशी तडे गेलेले सर्वांनी पाहिले होते. तरी २४ एप्रिल २०१३ च्या सकाळी कामगारांना आत घालण्यात आले, कारण मालाची मुदत भरत होती. इमारत कोसळून ११३४ माणसे मेली. ज्या घाईसाठी ती मेली त्या घाईचेच नाव झटपट फॅशन आहे.

केरकचऱ्याच्या मुद्द्यात तथ्य आहे, आणि त्या तथ्याचा उपयोग व्याख्यात्यांना करता आला नाही, म्हणून तो मी करतो. घाना देशात आक्रा शहरी कांतामांतो नावाची बाजारपेठ आहे, तेथे पाश्चात्त्य देशांतून आठवड्याला दीड कोटी नग येतात असा अंदाज वारंवार दिला जातो. त्या मालाला तिकडे म्हणतात ‘मेलेल्या गोऱ्याचे कपडे’, कारण इतके धड कपडे जिवंत माणूस टाकील यावर प्रथम कोणाचा विश्वासच बसला नाही. हल्ली येणारा माल इतका हलका असतो की त्यातला बराच विकला न जाता गटारांत आणि समुद्रकिनाऱ्यावर जातो. चिलीच्या अटाकामा वाळवंटात अशाच कपड्यांच्या टेकड्या झाल्या. र्‍वांडाने २०१६ साली जुन्या कपड्यांवर जकात वाढविली, तर अमेरिकेने २०१८ साली त्या चिमुकल्या देशाच्या कपड्यांना दिलेली करसवलत स्थगित केली. आपल्याकडे येणाऱ्या चिंध्या अंगात घालण्याजोग्या राहू नयेत म्हणून आधी कातराव्या लागतात. मग त्या पानिपतास जातात. पानिपत या नावाचा मराठी कानाला जो अर्थ लागतो तोच तेथे लोकरी कोटांना लागतो: बायका जमिनीवर बसून गुंड्या, चेनी, अस्तरे उपटून काढतात, रंगवार ढीग करतात म्हणजे पुन्हा रंगवावे लागू नये, आणि यंत्रात फाडून, पुन्हा कातून त्याची कांबळी होतात. ही विद्या १८१३ साली यॉर्कशरमधल्या बॅटली गावी निघाली. आता त्या कांबळ्यांचाही धंदा पॉलिस्टरच्या मऊ पांघरुणांनी खाल्ला आहे. ही सारी हकीकत ऐकून जुन्या कपड्यांविरुद्ध निकाल देणारा न्यायाधीश पाणी फार झाले म्हणून तळ्याला दंड करील आणि पाट फोडणाऱ्याला सोडून देईल. दोष आहे तो दीड कोटी नग दर आठवड्याला टाकावे लागतील इतके नवे विकणाऱ्याचा.

गरिबांचा वाटा पळविला जातो म्हणतात. गरिबांची एवढी काळजी असलेल्याने कपाटातले दहा सदरे आधी बाहेर काढावेत, वाटा आपोआप वाढेल. आणि एका कोटाने काय फरक पडणार, या प्रश्नाला माझे उत्तर नाही, कारण एका व्याख्यानाने काय फरक पडणार हा प्रश्न त्यांनाही पडलेला दिसला नाही.

मग माझे स्वतःचे म्हणणे काय? ते फार मोठे नाही, आणि खंडन करताना आलेला जोर मंडनात टिकत नाही हा आमच्या जातीच्या लेखकांचा जुना दोष आहे. माझे म्हणणे एवढेच की जुने वस्त्र दान म्हणून वरून खाली जाते तोवर त्याच्याबरोबर लाजही खाली जाते. तेच वस्त्र दाम मोजून, घासाघीस करून, नापसंत ठरविण्याचा हक्क राखून घेतले की लाज गळून पडते आणि उरतो तो सरळ सौदा. म्हणून जुने कपडे वाटू नयेत, विकावेत. आणि ज्याला नवे सहज परवडते त्याने ते प्रथम विकत घ्यावेत, चारचौघांत घालावेत, आणि विचारल्यास कोठून आणले ते मोठ्याने सांगावे. यात धोका आहे. स्वस्त म्हणून माणूस चार घेतो. माझ्याच कपाटात त्या कोटानंतर आणखी तीन आले आहेत, आणि त्यांतला एक अजून अंगाला लागलेला नाही, ही गोष्ट विरुद्ध पक्षाच्या कानावर जाऊ नये. घेताना कॉलर आणि काख पाहावी, हे बोहारणीचे शास्त्र. आणि शिवणीच्या आत पाहावे, हे मला उशिरा कळले.

ते असे कळले. कोट लग्नापुरता चालला, पण जेवल्यावर काखेत दाटू लागला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी छत्रीखाली मशीन मांडून एक अल्टरवाला बसतो. त्याच्याकडे मी तो कोट आणि माझ्या भाच्याचा, मॉलमधून सात हजारांस आणलेला नवा ब्लेझर, असे दोन्ही घेऊन गेलो, कारण भाच्यालाही तो पहिल्याच वर्षी घट्ट झाला होता. त्याने ब्लेझर उलटा केला, ओव्हरलॉक करून काठाकाठाने कापलेली शिवण नखाने दाखविली आणि परत दिला. ‘याच्यात मायाच नाही ठेवलेली, काका. उसवू कुठं?’ मग माझा कोट घेतला. आतल्या खिशावरची शिंप्याची पट्टी विरून गेली होती, ‘सोलापूर’ एवढेच लागत होते; खिशात घडी घातलेले एस.टी.चे एक तिकीट निघाले, तेही पुसलेले. अस्तराची एक बाजू कोणीतरी घरी बसून हाताने, निराळ्या रंगाच्या दोऱ्याने, पण अगदी सारख्या टाक्यांनी टाचलेली होती. अल्टरवाल्याने ते टाके उसविण्यापूर्वी क्षणभर पाहिले, मग बगलेची शिवण उघडून आतले कापड बोटाने मोजले.

‘दीड इंच माया आहे,’ तो म्हणाला. ‘पाऊण सोडतो. पाऊण राहू दे आत.’